अब्जाधीश मंत्री, कामगार मतदार: नेमकं बघायचं कुठे?

गोळाबेरीज

ट्रंप यांच्या दोन्ही मंत्रिमंडळांवर भरपूर चर्चा झाली, पण ती बहुतेक 'कोणाकडे किती अब्ज' इथेच अडकते. २०१७ ला अर्थमंत्री मनुशिन, वाणिज्यमंत्री विल्बर रॉस, शिक्षणमंत्री बेट्सी डिव्हॉस; २०२५ ला अर्थमंत्री बेसेंट, वाणिज्यमंत्री लुटनिक, शिक्षणमंत्री लिंडा मॅकमहन. जून २०१७ मध्ये सीडर रॅपिड्सच्या सभेत ट्रंप यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं की अशा पदांवर आपल्याला गरीब माणूस नकोय. सभा आयोवात, म्हणजे दोनदा ओबामांना निवडून २०१६ ला ट्रंप यांच्याकडे गेलेल्या राज्यात!

एक बाजू म्हणते, ज्याचं पोट भरलेलंय तो कशाला खाईल. दुसरी म्हणते, कुंपणच शेत खातंय. दोन्ही बाजूंना पुरावा द्यायचा कंटाळा.

अमेरिकेत राजकीय नेमणुकीच्या जागा चार हजारांच्या आसपास असतात आणि त्यातल्या बाराशेच्या वर जागांना सेनेटची मंजुरी लागते. श्रीमंत माणूस अशा खुर्चीत बसला तर ताशी पगारावर काम करणाऱ्याच्या आयुष्यात नेमकं काय हलतं, आणि ते कुठल्या कागदावर दिसतं? जाणकारांनी लिहावं. 'सगळे चोर' छापाचे प्रतिसाद नकोत, प्लीज.

हिशेबनीस

सुरुवात ओजीईच्या २७८ई फॉर्मपासून, म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांनी आपली संपत्ती जाहीर करायच्या फॉर्मपासून. ओजीई म्हणजे ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट एथिक्स, १९७८ च्या कायद्यातून आलेलं. फॉर्मचे नऊ भाग आहेत. बातमीदार थेट सहाव्या भागावर जातात, कारण शेअर, फंड, जमीनजुमला तिथे असतो. पण आधी पहिला आणि तिसरा वाचा. पहिल्यात सरकारबाहेरची पदं. तिसऱ्यात जुन्या मालकाशी असलेले करार: नोकरी सोडताना थकलेले शेअर एकदम मिळणार का, पेन्शन चालू राहणार का, पुढे काही येणं आहे का. २०१७ चे परराष्ट्रमंत्री टिलरसन यांचं एक्सॉनमोबिल या आपल्या जुन्या तेलकंपनीकडचं सुमारे १८ कोटी डॉलरचं प्रकरण याच जातीचं. चौथ्या भागात वर्षाला ५,००० डॉलरपेक्षा जास्त देणारे अशील आणि कंपन्या. वकील किंवा सल्लागार मंत्री झाला की हा भाग सोडू नका.

आता गंमत. रकमा नेमक्या नसतात, पट्ट्यांमध्ये असतात. १,००१ ते १५,०००, मग १५,००१ ते ५०,००० असं वर जात जात ५० लाख ते अडीच कोटी, अडीच ते पाच कोटी, आणि शेवटी 'पाच कोटींच्या वर'. वर छत नाही. म्हणजे सहा कोटी आणि सहाशे कोटी कागदावर सारखेच. मालमत्ता फक्त जोडीदाराच्या नावावर असेल तर 'दहा लाखांच्या वर' एवढंच लिहून भागतं. त्यामुळे वर्तमानपत्रातला एकूण संपत्तीचा आकडा म्हणजे या पट्ट्यांची बेरीज, नाहीतर कुठल्या मासिकाचा अंदाज.

वाचताना चूक होते ती कंपनीच्या पोटातल्या कंपनीत. अमुक होल्डिंग्ज एलएलसी एवढं वाचून पुढे जाऊ नका. त्याखाली ओळ १.१, १.२ अशा उपनोंदी असायला हव्यात. नसतील तर तळटीप बघा: एकतर तो सवलत मिळालेला (आतली गुंतवणूक दाखवावी न लागणारा) फंड असतो, किंवा गोपनीयतेचा करार आड येतो.

मंत्रिपदासारख्या वरच्या जागांचे फॉर्म ओजीईच्या साइटवर थेट मिळतात. खालच्या बऱ्याच जागांसाठी फॉर्म २०१ भरून मागावे लागतात. फुकट आहे.

तिरफळ

हिशेबनीस, मस्त प्रतिसाद. पण फॉर्म भरून काय होतं? ते सगळं ब्लाइंड ट्रस्टमध्ये, म्हणजे आत काय आहे ते मालकालाच कळत नाही अशा न्यासात टाकतात ना?

हिशेबनीस

नाही, खरा ब्लाइंड ट्रस्ट दुर्मिळ. ओजीईने मंजूर केलेला विश्वस्त लागतो, आणि आधी टाकलेली मालमत्ता विकली जाईपर्यंत ती तुम्हाला माहीत आहे असंच धरलं जातं. म्हणून बहुतेक जण सरळ विकतात. नेमणुकीआधी 'एथिक्स अ‍ॅग्रीमेंट' नावाचं पत्र लिहून देतात, त्यात काय विकणार, काय ठेवणार आणि कुठल्या विषयांपासून लांब राहणार ते असतं. मुदत साधारण मंजुरीपासून ९० दिवस. त्या पत्रात 'विकणार' पेक्षा 'ठेवणार' ची यादी वाचा.

आणि विकणं म्हणजे त्याग वगैरे काही नाही. करसंहितेच्या कलम १०४३ खाली 'सर्टिफिकेट ऑफ डायव्हेस्टिचर' मिळतं. विक्रीचा पैसा ६० दिवसांत सरकारी रोख्यांत किंवा वैविध्य असलेल्या फंडात घातला की भांडवली नफ्यावरचा कर पुढे ढकलला जातो. हँक पॉलसन २००६ ला अर्थमंत्री होताना गोल्डमन सॅक्सचे जवळपास ५० कोटी डॉलरचे शेअर असेच विकून मोकळे झाले. कर माफ होत नाही, फक्त लांबतो. पण ती गुंतवणूक मरेपर्यंत ठेवली तर वारसाला ती त्या दिवशीच्या भावाने मिळते आणि जुना नफा हिशेबातून जातो.

फॉर्मवर लिहिलेलं खरंच झालं का, हेही तपासावं लागतं. रॉस यांनी बँकयुनायटेडचे शेअर विकले असं लिहिलं होतं, ते विकलेच नव्हते. रक्कम १५,००० डॉलरच्या आतली, किरकोळ. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये ओजीईने त्यांचा अहवाल प्रमाणित करायला नकार दिला. शिक्षा? काही नाही.

सप्तपर्णी

सगळा भर 'विकलं का' यावर जातोय, म्हणून कायद्याची बाजू मांडते. हितसंबंधांचा फौजदारी नियम म्हणजे अमेरिकी कायदासंहितेचा १८ वा खंड, कलम २०८. अधिकाऱ्याने आपला, जोडीदाराचा किंवा अज्ञान मुलाचा आर्थिक हितसंबंध असलेल्या 'विशिष्ट प्रकरणात' जातीने आणि ठोस भाग घ्यायचा नाही. यात तीन मोठी भोकं आहेत.

'विशिष्ट प्रकरण' म्हणजे एक कंत्राट, एक खटला, फार तर एका ठरावीक उद्योगापुरता नियम. सगळ्या देशाला लागू होणारं धोरण त्यात येत नाही. २०१७ च्या करकायद्याने कंपन्यांचा कर ३५ टक्क्यांवरून २१ वर आणला आणि वारसाकराची सूट माणशी ५४.९ लाखांवरून १ कोटी ११.८ लाख डॉलर केली. तो कायदा संसदेत रेटणाऱ्या अर्थमंत्र्याला स्वतःला त्यातून किती फायदा झाला, हा प्रश्न कलम २०८ विचारतच नाही. (२०२६ पासून ती सूट दीड कोटी आहे.) कामगाराच्या दृष्टीने सगळ्यात महाग हितसंबंध तोच, आणि तो पूर्ण कायदेशीर.

दुसरं भोक सज्ञान मुलांचं. कॅन्टर फिट्झगेराल्ड या वित्तीय कंपनीतली लुटनिक यांची मालकी सज्ञान मुलांच्या लाभाच्या न्यासांकडे गेली. कायद्याच्या भाषेत संबंध संपला. घरच्या जेवणाच्या टेबलावर संपला का, ते तुम्हीच ठरवा.

तिसरं, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना हे कलम लागूच नाही.

बारमाही

अवांतर वाटेल, पण हे नवं नाही. अँड्र्यू मेलन १९२१ ते १९३२ अर्थमंत्री, तेव्हाच्या सर्वांत धनाढ्य अमेरिकनांपैकी एक. त्यांच्या काळात आयकराचा कमाल दर ७३ टक्क्यांवरून २५ वर आला. १७८९ च्या कायद्यानुसार अर्थमंत्र्याने व्यापारात गुंतायचं नाही. याच कायद्यामुळे १८६९ मध्ये ग्रँट यांनी निवडलेल्या ए. टी. स्टुअर्ट या न्यूयॉर्कच्या बड्या दुकानदाराला माघार घ्यावी लागली होती. मेलन यांच्यावर खासदार राइट पॅटमन यांनी जानेवारी १९३२ ला महाभियोगाची मागणी आणली ती त्याच आधारावर. हूवर यांनी मेलनना राजदूत करून लंडनला पाठवलं आणि विषय मिटवला.

आणि माझा आवडता किस्सा आयझेनहॉवर यांचा. १९५३ च्या त्यांच्या मंत्रिमंडळाला आठ लक्षाधीश आणि एक प्लंबर असं चिडवायचे. प्लंबर म्हणजे मार्टिन डर्किन, प्लंबर युनियनचे अध्यक्ष, त्यांना मजूरमंत्री केलं होतं. युनियनवर बंधनं घालणाऱ्या टाफ्ट-हार्टली कायद्यातल्या दुरुस्त्यांना व्हाइट हाउसने पाठिंबा दिला नाही म्हणून सप्टेंबर १९५३ मध्येच राजीनामा देऊन गेले. आठ महिनेही टिकले नाहीत. खुर्ची कामगाराची होती, मतं आठ विरुद्ध एक.

मधलीसुट्टी

उलटं उदाहरण पण द्या की. जोसेफ केनेडी, शेअरबाजारात वारेमाप कमावलेला माणूस. रूझवेल्टनी त्यालाच १९३४ ला एसईसीचा, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचा, पहिला अध्यक्ष केलं आणि त्याने आयोग नीट उभा करून दिला. मॅरिनर एक्ल्स युटाचा लक्षाधीश बँकर, पुढे फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख, पण मंदीत सरकारने खर्च वाढवावा म्हणून भांडणारा. आणि श्रीमंत मंत्री काय एकाच पक्षाचे? ओबामांच्या वाणिज्यमंत्री पेनी प्रिट्झकर हयात हॉटेलवाल्या घराण्यातल्या अब्जाधीश. जॅनेट येलेन यांनी मंत्री होण्याआधी भाषणांतून ७० लाख डॉलरच्या वर घेतले होते, तेही याच २७८ई मधून कळलं.

गोळाबेरीज

मान्य. म्हणूनच विचारतोय, संपत्ती सोडून बघायचं काय?

टाचणी

खुर्चीच्या हातातले खटके बघायचे. देशपातळीवरचं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, जुलै २००९ पासून तेवढंच, आणि ते फक्त संसद बदलू शकते. त्याबद्दल मजूरमंत्र्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण मजूरखात्याच्या स्वतःच्या हातात बरंच आहे. मुख्य दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ओव्हरटाइमची पगारमर्यादा. मासिक पगारावरचा 'मॅनेजर' या मर्यादेखाली असेल तर ४० तासांवरच्या कामाला दीडपट द्यावीच लागते. वर असेल आणि त्याचं काम खरंच व्यवस्थापकीय असेल तर नाही. ओबामांच्या खात्याने २०१६ मध्ये ही मर्यादा वर्षाला २३,६६० वरून ४७,४७६ करायचं ठरवलं. १ डिसेंबरला लागू होणार होती, २२ नोव्हेंबरला टेक्सासच्या न्यायालयाने रोखली. ट्रंप यांच्या खात्याने ती अपिलात शेवटपर्यंत लढवली नाही, २०२० पासून ३५,५६८ ठेवली, म्हणजे आठवड्याला ६८४. बायडेन यांनी जुलै २०२४ ला ४३,८८८ केली, म्हणजे ८४४, आणि जानेवारी २०२५ ला ५८,६५६ होणार होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा टेक्सासच्या न्यायालयाने सगळी रद्द केली. परत ६८४.

हिशेब मांडा. दुकानातली सहायक व्यवस्थापक, आठवड्याला ७०० डॉलर, काम ५५ तास. पगार ४० तासांचा धरला तर ताशी १७.५०, दीडपट २६.२५. वरच्या १५ तासांचे ३९३.७५ डॉलर, दर आठवड्याला. मर्यादा ८४४ असताना ते तिच्या हक्काचे. ६८४ असताना शून्य, फक्त पदनामात मॅनेजर. अँड्र्यू पझ्डर यांना ट्रंप यांनी आधी मजूरमंत्री नेमायचं ठरवलं होतं. हार्डीज आणि कार्ल्स ज्युनियर चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख, २०१६ च्या त्या नियमाचे उघड विरोधक. फास्टफूडच्या धंद्यात अशा मॅनेजरांची संख्या बघता विरोध का, ते वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०१७ मध्ये रिपब्लिकन सिनेटरच कचरले आणि त्यांनी माघार घेतली.

दुसरी गोष्ट कुठल्याही मथळ्यात येत नाही. मालकाने ३,००० डॉलर बुडवले तर कायद्याने तेवढीच भरपाई वर लागते, एकूण ६,०००. खात्याचा वेतन आणि तास विभाग खटल्याआधीच्या तडजोडीतही ही दुप्पट मागत असे. २०२० मध्ये ते बंद केलं, बायडेन यांच्या काळात परत सुरू केलं, जून २०२५ च्या परिपत्रकाने परत बंद. कायदा एका शब्दाने बदलला नाही. पण पकडला गेलेला मालक आता मूळ रक्कम देऊन सुटतो. म्हणजे बुडवणं हे बिनव्याजी कर्ज झालं.

इथेच कामगार फसतो. तडजोडीची रक्कम घेताना डब्ल्यूएच-५८ नावाच्या पावतीवर सही असते. सही करून पैसे घेतले की त्या कालावधीच्या त्या थकबाकीसाठी आणि दुप्पट भरपाईसाठी स्वतः खटला भरायचा हक्क जातो. सही करण्याआधी वकिलाला विचारावं. मुदत दोन वर्षं, मालकाने जाणूनबुजून बुडवलं असेल तर तीन.

सप्तपर्णी

टाचणी, +१. आणि यात एक खोच आहे. २०२५ च्या मजूरमंत्री लोरी चावेझ-डिरेमर अब्जाधीश गटातल्या नव्हत्या. काँग्रेसमध्ये असताना युनियनच्या बाजूच्या प्रो अ‍ॅक्टला सहप्रायोजक होत्या आणि टीमस्टर्स युनियनचे अध्यक्ष शॉन ओब्रायन यांचा त्यांना पाठिंबा होता. मार्च २०२५ मध्ये ६७ विरुद्ध ३२ अशी मंजुरी मिळाली. दुप्पट भरपाई थांबवणारं परिपत्रक त्यांच्याच कारकिर्दीतलं. मे २०२५ मध्ये खात्याने कंत्राटी कामगाराची व्याख्या ठरवणारा २०२४ चा नियम तपासणीत वापरणार नाही असं जाहीर केलं, तेही तेव्हाच. सुनावणीतच त्यांनी प्रो अ‍ॅक्टच्या एका भागावरून माघार घेतली होती. माणसाचा सातबारा बघून धोरण ओळखता येत नाही.

मधलीसुट्टी

हेच तर म्हणत होतो! आणि कामगारांना काहीच मिळालं नाही असंही नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात टिप आणि ओव्हरटाइमवरचा कर गेला की.

हिशेबनीस

गेला नाही, वजावट मिळाली. २०२५ ते २०२८, चार वर्षांपुरती. टिपसाठी वर्षाला कमाल २५,०००, ओव्हरटाइमला एकट्याला १२,५००. उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की कमी होत जाते.

ओव्हरटाइममध्ये फक्त 'दीडपटीतला अर्धा' धरतात. ताशी २० डॉलरवाल्याने वर्षात २०० तास जादा केले तर हातात ६,००० येतात, वजावट मात्र २००० वर. १२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर वाचले २४० डॉलर. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के पूर्ण रकमेवर कापले जातातच. टिपवर जगणाऱ्यांपैकी ज्यांचं उत्पन्न प्रमाणित वजावटीखाली (२०२५ ला एकट्याला १५,७५०) आहे त्यांना आधीच आयकर नव्हता, त्यांचा फायदा शून्य. आणि वर टाचणींनी सांगितलेल्या ७०० डॉलरवालीला? ती ओव्हरटाइमला पात्रच नाही, मग वजावट कशावर घेणार? दोन निर्णय शेजारी ठेवले की चित्र कळतं.

त्याच कायद्यात मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, महिना ८० तास कामाची अट आहे, राज्यांना २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लागू करायची. इथे गळती काम न करणाऱ्यांची कमी, कागद न पोचलेल्यांची जास्त होते. आर्कान्सासने २०१८ मध्ये अशी अट लावली तेव्हा काही महिन्यांत १८,००० च्या वर लोकांचं संरक्षण गेलं.

बारमाही

न केलेल्या नेमणुकाही मोजा. युनियन आणि मालकांचे तंटे बघणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळात पाच जागा, निर्णयाला किमान तीन सदस्य लागतात. २०१० च्या न्यू प्रोसेस स्टील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. दोन जागा आधीच रिकाम्या होत्या, त्यात जानेवारी २०२५ अखेर सदस्य ग्विन विल्कॉक्स यांना काढलं, उरले दोन. प्रादेशिक कचेऱ्या युनियनच्या निवडणुका घेत राहिल्या, पण मालकाने वर दाद मागितली की प्रकरण तिथेच पडून. कित्येक महिने.

तिरफळ

आणि मस्क?

सप्तपर्णी

ते 'विशेष सरकारी कर्मचारी' होते. ३६५ दिवसांत १३० दिवसांपर्यंत कामाची सोय. कलम २०८ अशा कर्मचाऱ्यालाही लागू असतं, पण बिनपगारी असला तर २७८ई ऐवजी ४५० हा गोपनीय फॉर्म चालतो, जो लोकांना दिसत नाही. म्हणजे नियम आहे, तो पाळला का ते बाहेरून तपासायची सोय नाही. तपासणाऱ्यांचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये एका रात्रीत सुमारे १७ महानिरीक्षक काढले, मजूरखात्याचेही त्यात होते. फेब्रुवारीत ओजीईचे संचालकही गेले.

गोळाबेरीज

भरपूर मिळालं. शेवटचा प्रश्न: नियम बदलण्याआधी लोकांच्या हरकती मागवतात, त्या लिहून काही होतं का? की रद्दी?

टाचणी

'माझा विरोध आहे' एवढंच लिहिलं तर रद्दीच. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने खात्याला महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्यावं लागतं. न दिल्यास न्यायालय नियम रद्द करू शकतं. म्हणून हरकतीत नियमाचं कलम, कुठल्या कामगाराला किती तासांचे किती पैसे कमी मिळतील, आणि खात्याच्या खर्च-लाभ तक्त्यात काय सुटलंय ते लिहायचं. मुदत बहुधा ३० ते ६० दिवस.

डिसेंबर २०१७ चा टिपचा प्रस्ताव आठवा. किमान वेतन पूर्ण देणाऱ्या मालकाला नोकरांची टिप आपल्याकडे ठेवायची मोकळीक मिळणार होती. कामगारांचं किती नुकसान होईल याचा खात्यातच केलेला हिशेब प्रस्तावातून वगळला होता. ते बाहेर फुटलं, हरकतींचा पाऊस पडला आणि मार्च २०१८ च्या खर्च विधेयकात संसदेनेच लिहून टाकलं की मालकाने टिप ठेवायची नाही, मॅनेजरनेही नाही.

मात्र वर सांगितलेल्या दुप्पट भरपाईच्या परिपत्रकाला हा रस्ता नाही. ते अंतर्गत सूचना म्हणून निघतं, हरकती मागवत नाहीत. त्यासाठी वेतन आणि तास विभागाच्या साइटवर 'फील्ड असिस्टन्स बुलेटिन' चं पान अधूनमधून उघडून बघावं लागतं. आणि नियम जाहीर होण्याआधी व्हाइट हाउसच्या, नियमांचे मसुदे तपासणाऱ्या ओआयआरए कार्यालयात कोण कोण भेटून गेलं, त्याची नोंद रेगइन्फो या सरकारी साइटवर तारीखवार असते, उपस्थितांच्या आणि संस्थांच्या नावांसकट.

तिरफळ

ओआयआरएची नोंद बघितली. भेट कोणीही मागू शकतं का?

टाचणी

हो. नियम त्यांच्याकडे तपासणीला असेपर्यंत कोणालाही मागता येते, युनियनलाही. तिथल्याच पानावर विनंतीचा फॉर्म आहे. नियमाचा आरआयएन क्रमांक लागतो.

हिशेबनीस

तो क्रमांक फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात प्रस्तावाच्या अगदी वर, खात्याच्या नावाखाली छापलेला असतो. नियम अजून छापला गेला नसेल तर रेगइन्फोवरच्या 'युनिफाइड अजेंडा' त शोधा, वर्षातून दोनदा निघतो. मजूरखात्याच्या वेतन विभागाचे क्रमांक १२३५ ने सुरू होतात.